देवगडात बसून इंडी गेम: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

काकू, तुम्ही खरंच गेम खेळता?

हो. एप्रिल-मे आमचे आंब्याच्या कलमांच्या मागे जातात. तोड, पेट्या, पट्ट्यांचा हिशेब यांत लॅपटॉप उघडतो तो फक्त बिलांपुरता. मिरग लागून पाऊस धरला की संध्याकाळी हात मोकळे होतात आणि मालिकांत मला कधीच गोडी नव्हती. भाच्याने आपला जुना लॅपटॉप इथे टाकला, त्यात दोन-तीन गेम होते, तिथून सुरुवात. सासरे अजूनही विचारतात, "ह्या वयात ह्यां काय खेळतंस गो?" पण पडद्यावर पेरणी चाललेली दिसली की खुर्ची पुढे ओढतात आणि रोपं फार जवळ लावलीस म्हणून बोलूनही घेतात.

इंडी म्हणजे नक्की कुठले?

बड्या कंपनीच्या पैशांशिवाय, एकट्याने किंवा चार-पाच जणांनी मिळून केलेले, असं ढोबळमानाने म्हणतात. काटेकोर व्याख्येच्या मागे लागाल तर डोकं उठेल. 'डेव्ह द डायव्हर'ला 2023 च्या गेम ॲवॉर्ड्समध्ये स्वतंत्र गेमांच्या गटात नामांकन मिळालं आणि वाद पेटला, कारण तो करणारी मिंटरॉकेट ही नेक्सॉन या कोरियन वंशाच्या भल्यामोठ्या कंपनीचीच शाखा.

मला पैसा कोणाचा यापेक्षा दुसरीच गोष्ट बघावीशी वाटते: या गेममधून काय काय काढून टाकायचं, हे ठरवायला कोणी बसलं होतं का? डेव्हमध्ये दिवसा पाण्यात उतरून भाल्याने मासे मारायचे आणि रात्री सुशीचं हॉटेल चालवायचं. इथवर तो झकास आहे. मग शेती येते, मत्स्यशेती येते, समुद्रघोड्यांच्या शर्यती येतात आणि दर तासाला कोणीतरी नवीन काम गळ्यात मारतं. मासे मारायचे बाजूलाच राहतात. याउलट जेसन रॉबर्ट्सचा 'गोरोगोआ' (2017) घ्या. चार चौकटी, हाताने काढलेली चित्रं, ती सरकवायची, एकमेकांवर ठेवायची, बस. दोन-तीन तासांत संपतो आणि त्यात एकही चित्र फुकट गेलेलं नाही.

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममधली मासेमारी खरी वाटते का?

हे मला पुण्या-मुंबईचे लोक विचारतात, इथली पोरं नाही.

खेळ म्हणून ती उत्तम जमली आहे. गळ टाकायचा, डोक्यावर उद्गारचिन्ह आलं की बटण दाबायचं. मग उभ्या पट्टीत मासा वरखाली पळतो आणि आपली हिरवी पट्टी त्याच्यावर धरून ठेवायची. बटण दाबून धरलं की ती वर जाते, सोडलं की खाली पडते. सुरुवातीला सगळ्यांचे मासे सुटतात, नवीन माणूस इथेच वैतागतो. आठवडाभर कळ काढा, बोटाला तिचं वजन कळायला लागतं.

पण खाडीवर गरवायला बसण्याशी याचा संबंध थोडाच. तिथे दोरी बोटावर घेऊन बसायचं असतं. कुरल्या आमिष कुरतडतात ती बारीक थरथर वेगळी, काळुंदर टोचून बघतं ते वेगळं आणि तांबोशी गरी घेऊन दगडात शिरते ती ओढ तर पार वेगळी. हे सगळं डोळ्यांना न दिसता कळतं. स्टारड्यूत सगळं डोळ्यांसमोर आहे.

माझं मोठं भांडण मात्र बाजाराशी आहे. स्टारड्यूत मासा पेटीत टाकून ठेवला तर वर्षभर तसाच ताजा. एका दिवसात शंभर विका, भाव तोच. आमच्या बंदरावर तारली जाळी भरून आली की लिलावात भाव असा कोसळतो की माल थेट फिशमिलला रवाना होतो. अर्थात एरिक बरोन या एकट्या माणसाने चित्रं, संगीत, कोड सगळं स्वतः करत साडेचार वर्षं घालवली, फेब्रुवारी 2016 मध्ये गेम आणला आणि 2024 च्या अखेरीपर्यंत त्याच्या 4 कोटींहून जास्त प्रती खपल्या. त्याला शेती आणि शेजार दाखवायचा होता. मासळीबाजार हा त्याचा विषयच नव्हता, तेव्हा मी हे भांडण फार ताणत नाही.

मग मासेमारीचा चांगला गेम कुठला?

'ड्रेज'. न्यूझीलंडच्या ब्लॅक सॉल्ट गेम्स या छोट्या चमूने मार्च 2023 मध्ये आणला. बोट फुटलेला एक माणूस परक्या बंदरात येतो, तिथला महापौर त्याला दुसरी बोट देतो आणि पहिल्या दिवसापासून त्या बोटीचं कर्ज डोक्यावर. कोकणात ही सुरुवात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

बोटीचा खण म्हणजे चौकटींचं जाळं. प्रत्येक माशाचा आकार निराळा, तो फिरवून फिरवून बसवायचा. इंजिन, दिवे, जाळं हे सगळं त्याच खणात जागा खातं, त्यामुळे वेग हवा की माल, हा हिशेब रोजचा. खडकावर आपटलात तर एखादी चौकट फुटते आणि तिथला माल गेला. मासा शिळा होतो, मग सडतो, भाव उतरतो. एक जागा उपसून काढली की ती रिकामी होते आणि पुन्हा भरायला वेळ घेते. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्यामागचा विचार हाच. भाषणं न करता तो नुसत्या नियमातून समजतो.

घड्याळाची गंमत तर मला फार आवडली. बोट चालली किंवा मासे धरत असलात तरच वेळ पुढे जाते. उभं राहिलात की सूर्यही थांबतो. म्हणजे अंधार पडतो तो आपण अजून एक फेरी मारली म्हणूनच पडतो, दुसऱ्या कोणाला दोष देता येत नाही. रात्री पडद्यावर एक डोळा अस्वस्थ फिरायला लागतो, आधी नव्हते तिथे खडक उभे राहतात आणि जाळ्यात वेडेवाकडे, नको ते मासे येतात. दुर्दैवाने भाव त्यांनाच जास्त. भीती नको असेल तर सेटिंगमध्ये राक्षस हल्ला करणार नाहीत अशी सोय आहे, पण मग अर्धा गेम गेला.

एक गोष्ट मात्र मला खटकते ती खटकतेच: या समुद्राला भरती-ओहोटी नाही. इथे शाळेत न गेलेला म्हाताराही तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ सांगतो. अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास भरती. होडी कधी काढायची, शिंपले-कालवं काढायला कधी उतरायचं, खाडीत पाग कुठे टाकायचा, सगळं त्यावर. ड्रेजमध्ये समुद्र तळ्यासारखा एका पातळीवर पडून असतो आणि स्टारड्यूचा किनाराही तसाच. खरं तर पाणी चढणं-उतरणं हा गेमसाठी आयता नियम आहे. त्याच वाटेने जाता येतं, त्याच वाटेने परतता येत नाही.

मला गेममध्ये भेटलेली सगळ्यांत खरी भरती पाण्याची नाहीच. मोबियस डिजिटलच्या 'आउटर वाइल्ड्स'मध्ये (2019) जोडीने फिरणारे दोन ग्रह आहेत आणि एकावरची वाळू सतत दुसऱ्यावर ओतली जाते. 22 मिनिटांत एकाच्या गुहा वाळूने भरत जातात आणि दुसऱ्यावर गाडलेल्या इमारती उघड्या पडतात. आधी कुठे उतरायचं आणि नंतर कुठे, हे आपलं आपण शोधायचं. ओहोटी बघून कालवं फोडायला गेलेल्याला हे पटकन उमगेल. याला लॅपटॉप मात्र जरा दमाचा लागतो.

समुद्राचेच आणखी काही?

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन', लुकस पोपचा, 2018 चा. मी खेळलेल्यांत हा सगळ्यांत वर.

1802 मध्ये पूर्वेकडे निघालेलं व्यापारी जहाज 1807 मध्ये फाल्मथच्या बंदरात तरंगत परत येतं, आत जिवंत कोणी नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विम्याचे तपासनीस. हातात एक घड्याळ, ते सांगाड्याजवळ धरलं की त्या माणसाच्या मरणाचा क्षण गोठलेला दिसतो. त्यात हिंडून साठ माणसांपैकी प्रत्येकाचं नाव काय आणि त्याचं काय झालं, हे वहीत भरायचं. तीन जणांचं बरोबर लागलं की मगच वही ते पक्कं करते, त्यामुळे अंदाजपंचे ठोकून चालत नाही.

चित्रं जुन्या मॅकिंटॉशसारखी फक्त दोन रंगांची. पहिला अर्धा तास डोळे बावरतात. मग लक्षात येतं की रंग काढल्यामुळे आपण माणसांच्या बारीकसारीक खुणांकडे बघायला लागलो आहोत. कोण कुठल्या झोळीत झोपतो आणि त्या झोळीचा आकडा काय, कोणाच्या पायात काय आहे, कोण कोणाबरोबर जेवतो, कोणाचं बोलणं कुठल्या मुलखाचं. जहाजावर भारतातले खलाशीही आहेत. कथा त्यांच्याभोवती फिरत नाही, पण त्यांची नावं लावताना मी इतरांपेक्षा जास्त वेळ थांबले. बंदरावर वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, अशा जहाजांवरच्या किती खलाशांचं नाव कोणीच कुठे लिहून ठेवलं नसेल.

त्याचाच आधीचा 'पेपर्स, प्लीज' (2013) हा सरहद्दीवर शिक्के मारणाऱ्या कारकुनाचा गेम. तोही छान, पण दिवसभर कागद तपासून घरी आलेल्यांनी रविवारीच खेळावा.

लाईट गेली, नेट गेलं तर?

पावसात दोन्ही जाणार, हे धरूनच चाला. मी सांगितलेले सगळे नेटशिवाय चालतात. स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानाचं ऑफलाइन मोड नेट असतानाच एकदा चालवून बघा, वादळात बसून शोधू नका. स्टारड्यू फक्त झोपल्यावर सेव्ह होतो, म्हणजे बॅटरी संपली की तो दिवस गेला. डोंगर चढायचा 'सेलेस्ट' प्रत्येक खोलीगणिक लक्षात ठेवतो, त्याची चिंता नाही. कंट्रोलर असेल तर पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. खारी हवा बटणं खाते.

कुठून घ्यायचे? डेटा किती जातो?

स्टीमवर रुपयांत किमती आहेत आणि यूपीआय चालतं. जूनच्या अखेरीस आणि डिसेंबरात मोठा सेल लागतो, घाई नसेल तर तेव्हा घ्या. 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, ही सोय बिनदिक्कत वापरा. इच.आयओ या दुसऱ्या साइटवर कितीतरी गेम फुकट किंवा 'वाटेल ते द्या' अशा बोलीवर असतात.

डेटाचं म्हणाल तर पत्त्यांचा बालाट्रो, अंडरटेल काहीशे एमबीत येतात, स्टारड्यूही अर्ध्या जीबीच्या आसपास. सेलेस्ट सव्वा जीबी, होलो नाइटला नऊ जीबी मोकळे ठेवा. मोबाईलच्या रोजच्या दोन जीबीवर पहिले तिन्ही एका बैठकीत उतरतात.

क्रॅक केलेला मिळतो की, पैसे कशाला घालवता?

एकट्या माणसाने चार वर्षं खपून केलेली वस्तू सेलमध्ये वडापाव-चहाच्या दोन-चार फेऱ्यांच्या पैशात मिळते, तीही चोरायची म्हणजे कमालच. शिवाय त्याच लॅपटॉपवर तुमचं बँकेचं काम चालतं. पैसे खरोखरच नसतील तर डेमो खेळा. स्टीमवर नेक्स्ट फेस्टच्या आठवड्यात ते शेकड्यांनी येतात, आणि एपिक हे दुसरं ऑनलाइन दुकान दर आठवड्याला काही ना काही फुकट देतं.

इंग्रजी फारसं येत नाही, चालेल का?

अंडरटेल आणि डिस्को एलिझियम सोडा, ते वाचायचेच गेम आहेत. गोरोगोआत एक शब्द नाही. डेन्मार्कच्या प्लेडेडचे 'लिंबो' (2010) आणि 'इनसाइड' (2016) हेही मुके आहेत, फक्त दोन्हींत लहान मुलगा वाईट पद्धतीने मरतो, तेव्हा पोरांसमोर नको. 'मिनी मेट्रो'त रेषा ओढून स्टेशनं जोडायची, त्यात मुंबईही आहे. पाच मिनिटांत गर्दी हाताबाहेर जाते, चाकरमान्यांना घरच्यासारखं वाटेल.

आपल्याकडचे गेम? मराठीत आहे का काही?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (2020) आहे. भावाला शोधत निघालेली कसरत करणारी मुलगी, राजस्थानी वळणाच्या हवेल्या आणि मधूनमधून छायाबाहुल्यांनी सांगितलेल्या देवादिकांच्या कथा. बघायला देखणा, मारामारीत ढिला. शत्रू एकामागून एक तेच आणि शेवट अर्ध्यात सोडल्यासारखा. तरी इथल्या चमूने एवढं उभं केलं याचं मला अप्रूप आहे आणि ते मी लपवत नाही.

त्याहून मनात राहिला तो 'वेन्बा' (2023), टोरोंटोच्या विसाई गेम्सचा. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईची फाटकी-डागाळलेली पाककृतींची वही आणि तिच्यातली गाळलेली पायरी आपण ओळखून इडली, पुट्टू करायचं. दीडेक तासात आटोपतो. मुलगा आईशी इंग्रजीत बोलायला लागतो ते प्रसंग बघताना मुंबईतल्या आमच्या नातवंडांची आठवण येणारच. पुट्टूची भांडी कशी रचायची हे मला गेममध्येच कळलं. आमच्याकडे घावन्यांच्या तव्यावर असा गेम कोणी केला तर पीठ किती सैल हवं, यावरूनच मालवण आणि देवगडात वाद होतील.

मराठीत मला रुचेल असं काही अजून हाती लागलेलं नाही. कोणाला करायचाच असेल तर दशावताराच्या फिरत्या कंपनीचा करा. लिहिलेली संहिता नाही, संध्याकाळी आख्यान ठरतं, संवाद रंगमंचावर सुचतील तसे आणि तोच नट आज राजा, उद्या स्त्रीपार्टी. त्याला राक्षसांची फौज लागत नाही, एक पेटारा आणि एक बाकडं पुरे.

बालाट्रो म्हणजे जुगार का? मुलगा रात्रंदिवस पत्ते खेळतोय.

जुगार नाही. त्यात पैसे लावता येत नाहीत आणि जिंकताही येत नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. हा घरात बसून एकट्याने खेळायचा. पोकरचे हात जुळवायचे, जोकर विकत घ्यायचे आणि ते जोकर नियमच वाकवतात. युरोपातल्या मानांकन संस्थेनेही आधी त्याला 18 वर्षांवरचा ठरवलं होतं आणि 2025 मध्ये ते 12 वर आणलं.

रात्रंदिवसाची तक्रार मात्र रास्त आहे. 'अजून एक डाव' म्हणता म्हणता मीही कालवण करपवलं आहे.

अवघड गेममध्ये सोपं मोड वापरणं म्हणजे फसवणूक नाही का?

कोणाची? 'सेलेस्ट'मध्ये (2018) असिस्ट मोड आहे. वेग कमी करा, दम संपेनासा करा, हवं तर मरणंच बंद करा. करणाऱ्यांनीच दिलं आहे. माझी बोटं वीस वर्षांच्या पोराची नाहीत, मी वेग थोडा उतरवून डोंगर चढते आणि मजा तसूभर कमी होत नाही.

'होलो नाइट' (2017) अशी सवलत देत नाही, तरी मी त्यालाच जास्त मानते, ते नकाशासाठी. नवीन प्रदेशात उतरलं की हाताशी नकाशा नसतोच. जमिनीवर कागद पडलेले दिसतात, कुठूनतरी गुणगुणणं ऐकू येतं, त्या दिशेने गेलं की नकाशे विकणारा बसलेला. तोवर चाचपडायचं. आणि आपण पाहिलेलं नकाशावर उमटतं ते बाकावर जाऊन बसल्यावरच. हल्ली मोठ्या गेममध्ये पडद्यावर बाणांचा इतका पाऊस असतो की रस्त्याकडे बघायची गरजच उरत नाही. त्याचा पुढचा भाग 'सिल्कसाँग' सप्टेंबर 2025 मध्ये आला, तो देखणा आहे, पण सुरुवातीपासूनच हाणतो. आधी पहिला संपवा.

कधीच न संपणारे गेम तुम्हाला का आवडत नाहीत?

रोज हजेरी लावा, आज आला नाहीत तर बक्षीस बुडालं, असल्या गेमची मला चीड आहे. आंब्याच्या दिवसांत माझे दोन महिने गेम बंद असतात, परत आल्यावर मला कोणी दंड लावलेला चालणार नाही. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'ने हा प्रश्न मजेशीर सोडवला आहे. नुसतं इकडेतिकडे चालायचं, हत्यारं आपोआप चालतात, आणि तीस मिनिटं झाली की यम येतो. कितीही तगडे असा, येतोच. भात शिजायला टाकून बसायला उत्तम, अगदी जुन्या लॅपटॉपवरही चालतो.

लहान मुलांसाठी एकच सांगा.

'अ शॉर्ट हाइक'. एक पाखरू, एक डोंगर, भरपूर उडायला. मारामारी नाही, एका दुपारीत संपतो.

गणपतीत सगळी भावंडं येतात, एकत्र काय खेळायचं?

'ओव्हरकुक्ड' (2016). चार जण एकाच पडद्यासमोर, एक कांदा चिरतो, एक सूप ढवळतो, एक ताटल्या घासतो आणि मध्येच स्वयंपाकघराचेच दोन तुकडे होऊन सरकायला लागतात. कंट्रोलर कमी पडले तर एक कंट्रोलर दोघांत वाटून घेता येतो. मोठ्या जावेला ताटल्यांवर बसवा, तिची शिस्त कामाला येते. आरडाओरडा होणार, तेव्हा आरतीनंतरच सुरू करा. आणि मोदक वळायच्या आधी तर नाहीच, एकही हात पारीला लागणार नाही.